कडेची खुर्ची

आमचे घरमालक टीव्हीसमोर बसून टीव्ही बघत नसत. बाहेरच्या खोलीत चांगला तीन माणसांचा सोफा होता, काकूंनी विणलेली आच्छादनं घातलेला, पण काका बसायचे ते बाजूच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी खुर्चीत. तिथून पडदा तिरका आणि चपटा दिसत असणार. मी खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, यांची मान आखडली असावी.

"लाइन्समन कडेलाच असतो," काकू म्हणाल्या. जणू त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं.

पुढे हळूहळू कळलं ते असं. काका खडकीच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत लाइन्समन म्हणून उभे राहायचे. लाइन्समन म्हणजे मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन पळणारा पंच. त्याचं मुख्य काम ऑफसाइड पकडणं. पुढे पास सुटतो त्या क्षणी पळणारा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्याही पुढे असला, तर तो ऑफसाइड. मग त्याने गोल मारला तरी धरत नाहीत. हे मला काकांनीच शिकवलं, तेही जिन्यात, दुधाची पिशवी हातात धरून.

खोली मिळवताना माझी मुलाखत झाली ती एवढीच.

"कुठलं गाव?"

"नागपूर."

"तिकडे फुटबॉल खेळतात?"

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. "कामठीला खेळतात असं ऐकलंय," मी म्हटलं.

"ऐकलंय काय? खेळतात. इथे येऊन आमच्या पोरांना रडवून गेलेत." मग आत वळून म्हणाले, "अगं, हिला वरची खोली दाखव."

दारू, मांसाहार, मित्र आणि कपडे वाळत घालायची दोरी हे सगळं काकूंनी नंतर जिन्यात थांबवून विचारून घेतलं. पण काकांच्या लेखी प्रश्न संपले होते आणि त्या दिवसापासून मी 'नागपूर' झाले. "नागपूर, गेटला कडी लाव." "नागपूर, तुझं पार्सल पडलंय इथे." माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

मला माणसांशी बोलायला वेळ लागतो. जिन्यात कोणाची चाहूल लागली की मी दाराच्या आत थांबायची आणि जिना मोकळा झाला की उतरायची. एकदा खालून काकांचा आवाज आला, "ये, ये खाली. मी पाय आडवा घालत नाही." मी उतरले. त्यांनी वर बघितलंही नाही. ते कुंडीतली माती उकरत होते.

काका तिरके चालायचे. रस्त्यावर नाही, पण अंगणात, गच्चीवर, भाजीच्या गाड्यापाशी. तोंड एकीकडे आणि पाय भलतीकडे, खेकड्यासारखे सरकत, मैदानाच्या कडेने सरकायचे तसे. काकू म्हणायच्या, "लग्नात सप्तपदीसुद्धा तिरकी घातली यांनी. भटजी घाबरले." विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या पुढे येऊन थांबलेल्या स्कूटरकडे बघून ते शांतपणे म्हणायचे, "ऑफसाइड." स्कूटरवाल्याला वाटायचं, शिवी दिली. एकदोनदा भांडण होता होता राहिलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पिवळं फडकं असायचं, धूळ पुसायचं. सामना बघताना ते गुडघ्यावर ठेवायचे आणि पडद्यावरच्या लाइन्समनच्या आधी वर करायचे. वर केल्यावर त्यावर चर्चा नाही. "झेंडा वर म्हणजे वर," एवढंच.

शनिवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या लीगचा सामना असायचा आणि तो बघायला खडकीहून सायमनकाका यायचे. काकांबरोबर कारखान्यात होते, तरुणपणी कारखान्याच्या संघात पुढच्या फळीत खेळायचे. आता टक्कल, जाड भिंगाचा चष्मा आणि दुखरा गुडघा. ते सोफ्याच्या मधोमध बसायचे आणि हेल्मेट मांडीवर ठेवायचे. काकांना ते नावाने हाक मारत नसत, 'झेंड्या' म्हणत.

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले ती टीव्हीचा पासवर्ड घालून द्यायला. दिला आणि निघाले, तर सायमनकाका म्हणाले, "बस की पोरी. इथे दोनच प्रेक्षक आहेत, त्यातला एक भिंतीकडे बघतो." मी सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला बसले. पुढे ती माझी जागाच झाली. सामना कळायचा नाही. काका मिनिटं मराठीत सांगायचे आणि माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. 'एकोणऐंशीवं मिनिट' म्हणजे कितवं हे मनात जुळेपर्यंत कॉर्नर घेऊन झालेला असायचा. पण त्या दोघांना बघायला मला आवडायचं. मला कोणी काही विचारत नव्हतं, हेही आवडायचं.

सामना सुरू व्हायच्या आधी वाद व्हायचा. नेहमी तोच. सायमनकाका बशीतली ग्लुकोजची बिस्किटं टीपॉयवर मांडायचे.

"हा त्यांचा शेवटचा बॅक. हा मी. चेंडू सुटला. आता सांग."

"तू इथे नव्हतास." काका कडेच्या खुर्चीतून हात लांब करून एक बिस्किट पुढे सरकवायचे. "इथे होतास."

"अरे, मला माहीत नाही मी कुठे होतो?"

"तू चेंडूकडे बघत होतास. मी तुझ्याकडे."

वाद संपला की सायमनकाका बचावफळी चहात बुडवून खाऊन टाकायचे.

मूळ गोष्ट अशी होती. कारखान्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, खूप वर्षांपूर्वी. नेमलेला लाइन्समन आलाच नाही. काका प्रेक्षकांत होते. कोणीतरी म्हणालं, यांना उभं करा. समोरच्या संघानेही हरकत घेतली नाही. हे सांगताना काकांची पाठ जरा ताठ व्हायची. तर काकांचा स्वतःचा कारखाना खेळतोय आणि काका कडेला. सामना संपता संपता सायमनकाकांनी गोल मारला. निम्मा कारखाना मैदानात धावला. मग कोणाचं तरी कडेला लक्ष गेलं. झेंडा वर होता.

गोल रद्द झाला. पुढे पेनल्टीवर कारखाना हरला. कँटीनमध्ये काकांच्या टेबलावर कोणी बसेना. दुसऱ्या दिवशी एकटे सायमनकाका आले, ताट ठेवलं, भात कालवला आणि म्हणाले, "मी ऑनसाइड होतो."

काका म्हणाले, "झेंडा वर होता."

तेव्हापासून ते एकत्र जेवत होते.

व्हिडिओ पंचांचा काकांना राग होता, पण आरडाओरडा करणारा राग नव्हे. पडद्यावर रेफ्रीने हवेत बोटाने चौकोन काढला, म्हणजे आता व्हिडिओ बघून ठरवणार, की काका उठून पाणी प्यायला जायचे. परत येऊन विचारायचे, "झाला का पंचनामा?" पडद्यावर रेघा यायच्या, एक निळी, एक लाल. कोणाचा तरी खांदा रेघेच्या पुढे निघायचा. "काखेने गोल मारतात का हो?" ते काकूंना विचारायचे. काकू मालिकेची वेळ जातेय म्हणून आधीच वैतागलेल्या असायच्या. पुढे रेघांच्या जागी खेळाडूंच्या राखाडी बाहुल्या दाखवायला लागले, तेव्हा काका म्हणाले, "चला, आता पोरं खेळायला नकोतच. बाहुल्यांचंच लग्न लावा."

सगळ्यात जास्त त्यांना लागलं ते लाइन्समनचं. आता लाइन्समनला सांगितलेलं असतं म्हणे, की ऑफसाइड दिसला तरी लगेच झेंडा वर करू नको. खेळ पुढे जाऊ दे, गोल होऊ दे, मग बघू.

"दिसतंय, आणि हात खाली," काका म्हणाले. "मग झेंडा कशाला दिलाय? भाजीची पिशवी द्या हातात. येताना कोथिंबीर तरी आणेल."

सायमनकाकांचं वेगळं होतं. मी राहायला आले तेव्हा ते गोल झाला की अजून उठायचे. गुडघा विसरून उठायचे आणि मांडीवरचं हेल्मेट धाडकन फरशीवर पडायचं. मग पडद्यावर 'तपासणी सुरू' यायचं, ते उभेच राहायचे, मग हळूहळू बसायचे, हेल्मेट उचलायचे. कधी गोल राहायचा, कधी जायचा. राहिला तरी दुसऱ्यांदा उठता येत नसे. पुढे पुढे त्यांनी उठणंच सोडलं. गोल झाला की हेल्मेटवर दोन्ही हात ठेवून वाट बघायचे. सगळं पक्कं झालं की म्हणायचे, "हं. झाला म्हणे."

काकूंनी हे एकदा बोलून दाखवलं. "पूर्वी मला ओट्यापाशी कळायचं. हेल्मेट पडलं की गोल. आता बाहेर येऊन विचारावं लागतं, कोणी मेलंय का."

अशातच एका शनिवारी सायमनकाका पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या मुलीने घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. त्यातली एक त्यांच्या बहिणीच्या लग्नाची. वधूवर चर्चमधून बाहेर आले, केक कापला, आणि केकनंतर एकदम मैदान. अंतिम सामन्याच्या कॅसेटवरच कोणीतरी लग्न उतरवलं होतं, आणि लग्न कॅसेटपेक्षा लहान निघालं होतं.

"आहे त्यात," सायमनकाका म्हणाले. "माझा गोल आहे. झेंड्या, आज तुझा निकाल."

"मी व्हिडिओचा निकाल मानत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणजे घाबरलास."

काका थोडा वेळ पिवळ्या फडक्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "नागपूर, लाव ते."

हडपसरच्या ऑफिसात माझं काम तेच होतं. गाड्यांवर लावलेल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ एकेक चित्र थांबवून बघायचे आणि माणूस कुठे, सायकल कुठे, कुत्रं कुठे, त्यावर खुणा करायच्या. मी वरून लॅपटॉप आणला, टीव्हीला जोडला. केक गेला, मैदान आलं. धुरकट, रंग उडालेलं. डोकंभर केसांचा एक सडपातळ मुलगा डावीकडून पळत होता.

"मीच ना तो?" सायमनकाकांनी विचारलं.

"तूच," काका म्हणाले. "तेव्हा केस होते."

कोणी हसलं नाही. मी एकेक चित्र पुढे सरकवत पास सुटला तिथे थांबले. चेंडू पायापासून सुटलेला स्पष्ट दिसत होता. आणि तो मुलगा शेवटच्या बचावपटूच्या चांगला हातभर पुढे होता.

"थोडं मागे घे," सायमनकाका म्हणाले. मग, "पुन्हा लाव." मग ते उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले. त्यांच्या पाठीमुळे आम्हाला काही दिसेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, "होतो की."

काकांनी फडकं खिशात घातलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच." त्यांनी हेल्मेट उचललं. "निघतो वहिनी."

"अहो, सामना सुरू व्हायचाय. वडे तळतेय मी."

"गुडघा दुखतोय जरा."

ते गेले. काकांना आनंद व्हायला हवा होता असं मला वाटत होतं. ते कडेच्या खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघत होते. वडे आम्ही तिघांनी खाल्ले.

पुढच्या शनिवारी सायमनकाका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. फोन केला तर कधी पाहुणे असायचे, कधी चर्चचं काही. काकूंनी एकदा डब्यात चकल्या भरून काकांच्या हातात दिल्या, "देऊन या." काकांनी त्या आपल्याच फाटकापर्यंत नेल्या आणि परत आणल्या. "काय बोलू जाऊन?" ते म्हणाले. सामना लावायचे, पण फडकं खिशातच असायचं. एकदा मी आत गेले तर ते सोफ्यावर, पडद्याच्या बरोबर समोर बसले होते, चारचौघांसारखे. मला ते बघवेना. मी पाणी पिऊन वर निघून आले.

जिन्यात भेटले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "काका, तुम्ही तर बरोबरच होतात."

"मी तेव्हाही बरोबरच होतो," ते म्हणाले. "त्याने काय झालं? मी झेंडा वर केला तरी त्याचा गोल त्याच्याकडे होता. रोज सांगायचा. परवा तो गोलही गेला."

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. काका वर कधी येत नसत. चष्मा पुसत दारात उभे होते.

"ती फिल्म आहे अजून?"

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती सरकवून लॅपटॉपच्या बाजूला घेतली. पास सुटतो ती जागा पुन्हा काढायला लावली. "याच्या आधीचं चित्र." मी मागे घेतलं. त्यात चेंडू अजून पायालाच होता. बचावपटू पुढे यायला निघाला होता आणि सायमनकाका त्याच्या जवळजवळ बरोबरीला होते. "आता पुढचं." चेंडू सुटलेला, सायमनकाका हातभर पुढे. "मागचं." "पुढचं." असं बराच वेळ चाललं.

"या दोन चित्रांच्या मध्ये काय झालं?"

"ते कॅमेऱ्यात नाही, काका. त्याच्यामध्ये चित्रच नाही."

"नाहीच?"

"नाही."

"म्हणजे चेंडू सुटला तो क्षण यात नाही."

"नाही."

ते मागे टेकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "शंका आहे," ते म्हणाले. हे दोन शब्द इतक्या समाधानाने उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते. "चल. लॅपटॉप घे."

स्कूटरवर मी मागे, लॅपटॉप पोटाशी धरून. स्कूटर मात्र ते सरळ चालवायचे. खडकीला पोचलो तेव्हा सायमनकाका दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांनी नळी बंद केली नाही.

"काय रे?"

"तू ऑनसाइड असू शकतोस," काका म्हणाले. हेल्मेटही काढलं नव्हतं.

"काय?"

"हिने चुकीच्या चित्रावर थांबवलं. म्हणजे हिची चूक नाही, बरोबर चित्र कॅसेटमध्येच नाही. आधीच्या चित्रात तू बरोबरीला आहेस. दाखव गं."

मी लॅपटॉप कुंड्यांच्या कट्ट्यावर ठेवून दाखवलं. सायमनकाकांनी वाकून बघितलं. मागचं, पुढचं, मागचं.

"उगाच काहीतरी," ते म्हणाले. "पुढे आहे मी. स्पष्ट दिसतंय."

"ते नंतरचं आहे."

"नंतरचं काय? डोळ्याचं पातं लवायच्या आत मी एवढा पुढे जाईन? मी काय घोडा होतो?"

"तू पळायचास तसा. आणि तो बॅक पुढे येत होता, ते धर ना."

"मग म्हण की, मी चुकलो."

"मी चुकलो असं म्हणत नाही."

"मग?"

"तू बरोबर असशील असं म्हणतोय."

सायमनकाकांनी नळी खाली टाकली. पाणी आमच्या चपलांवरून वाहायला लागलं. "ऐका हे! लाइन्समन आहेस की ज्योतिषी? सगळ्या कारखान्यासमोर झेंडा वर केलास आणि आता म्हणतो, असशील! अरे, मी ऑफसाइड होतो. पोरीने दाखवलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"तुला चष्मा काढल्याशिवाय दिसत नाही आणि काढल्यावरही दिसत नाही."

"आणि तुला फार दिसत होतं? कुठे उभा होतास तेव्हा? गुलमोहराखाली! उन्हात मैदान आणि हा सावलीत."

"गुलमोहर पलीकडच्या बाजूला होता."

"तुझ्या डोक्यावर होता. लाल पाकळ्या पडल्या होत्या तुझ्या खांद्यावर. मी तुला शिव्या द्यायला आलो तेव्हा बघितल्यात मी."

"शिव्या द्यायला तू दुसऱ्या दिवशी आलास. कँटीनमध्ये."

"मैदानातही दिल्या होत्या. तुला ऐकू आल्या नाहीत एवढंच."

काकांनी हेल्मेट काढलं आणि नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल बाजूला सरकले, तिरके. "कोणत्या शिव्या?"

सायमनकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत चल, सांगतो."

गुलमोहर होता की नव्हता, आणि असला तर कोणत्या बाजूला, ते त्या व्हिडिओत अगदी स्पष्ट दिसतं. मी लॅपटॉप मिटला आणि नळ बंद केला.